दिवसाला दहा रीडिंग

तराजूच्या पडद्यावरचा शेवटचा आकडा स्थिर व्हायला अकरा सेकंद लागले. तीन, सात, चार, सहा, पाच, पुन्हा सहा आणि मग पाच. शलाका तायडेने तो पाच वहीत उतरवला, चिमट्याने दोनशे ग्रॅमचं वजन उचललं, पारडं शून्यावर येऊ दिलं, तेच वजन पुन्हा त्याच जागी ठेवलं आणि काचेचं दार सरकवलं. दार उघडं राहिलं तर जवळ बसलेल्या माणसाच्या श्वासानेही शेवटचा आकडा हलतो.

अकोल्याच्या वजनमापांच्या प्रयोगशाळेत ती सतरा वर्षं हेच करत होती. सराफांचे तराजू, औषधवाल्यांची वजनं, पेट्रोल पंपांची मापं तपासायची आणि बरोबर असतील तर शिक्का मारायचा. एका वजनाची दहा रीडिंग घ्यायची, सरासरी काढायची, रीडिंग एकमेकांपासून किती लांब पडतात ते पाहायचं. एकट्या रीडिंगवर विश्वास ठेवायचा नाही, याचं तिच्या हाताला इतकं वळण पडलं होतं, की घरी कोणाला ताप आला तरी ती थर्मामीटर दोनदा लावायची.

"म्याडम," मागून खंडारेकाका म्हणाले. ते प्रयोगशाळेतले सगळ्यात जुने मदतनीस, येत्या जूनमध्ये निवृत्त होणारे. "आठवं रीडिंग तुमी दोनदा लिहिलं."

शलाकाने पाहिलं. खरंच दोनदा लिहिलं होतं.

"पोरीचं टेन्शन हाय ना? माह्या पोराच्या टायमाले मी ड्युटीवर उलटा शर्ट घालून आलतो. साहेब म्हणे, खंडारे, आज मागून चालता काय?"

"तसं काही नाही, काका."

"नसन तर नसन बापा," म्हणत ते वजनांची पेटी पुसायला लागले.

तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. 'आपण मागवलेले कारणपत्रक तयार आहे.' शलाकाने वही मिटली. हे पत्रक तिने पंधरा दिवसांपूर्वी, घरात कोणालाही न सांगता मागवलं होतं.

कारणपत्रक होतं कौलाचं. कौल सुरू होऊन आठ वर्षं झाली होती. त्याआधी भोरच्या डोंगरातल्या मूलभूत विज्ञान विद्यापीठाच्या नव्वद जागांसाठी सत्तर हजार मुलं अर्ज करायची. मग नियम बदलला: भोरला अर्ज करणाऱ्याला राज्याच्या प्रवेशाच्या पहिल्या फेरीत बसता येणार नाही. म्हणजे भोर हुकलं, की घराजवळची चांगली कॉलेजंही हातची गेली. अशा वेळी आपल्या मुलाची शक्यता किती, हे आधीच कळलेलं कोणाला नको असेल? कौल ते सांगायचा. आता भोरला जेमतेम सातशे अर्ज जायचे. बाकीची मुलं आकडा पाहून घरीच थांबायची.

कौलाला भविष्य दिसत नव्हतं. मुलाने अकरावीपासून दिलेल्या प्रत्येक सराव परीक्षेतलं प्रत्येक उत्तर, त्याला लागलेले सेकंद, खोडून पुन्हा लिहिलेली पायरी, हे सगळं त्याच्याकडे जमा व्हायचं. आधीच्या चाळीस लाख मुलांचंही होतं. त्यावरून तो त्या मुलासारखं एक मूल आकड्यांतून उभं करायचा, त्याला दहा हजार वेळा परीक्षेला बसवायचा आणि त्यातल्या किती वेळा ते आत गेलं ते मोजायचा. चार हजार शंभर वेळा गेलं तर कौल एक्केचाळीस. पुन्हा विचारलं की पुन्हा नव्या दहा हजार परीक्षा. त्यामुळे आकडा दर वेळी अर्ध्याएक टक्क्याने मागेपुढे व्हायचा. हे वाचून शलाकाला उलट बरं वाटलं होतं. थरथरणाऱ्या आकड्याचं काय करायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

ऑगस्टमध्ये घरातल्या तिघांनी मुलीचा कौल जेवणाच्या टेबलावर एकत्र पाहिला होता. एक्केचाळीस. शलाकाचा नवरा हर्षल चष्म्याचं दुकान चालवायचा. तो म्हणाला, "दहातले चार म्हणजे झकास. माझ्याकडे येणाऱ्यांत सगळ्यात खालची ओळ वाचणारे एवढे नसतात." मिहिका हसली होती. बारावीतली, सतरा वर्षांची मुलगी. पाठ्यपुस्तकातली गणितं सोडून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच गणितं रचत बसणारी. तिने लगेच अट घातली होती, "आता परीक्षेपर्यंत कोणी बघायचं नाही. आई, तू तर मुळीच नाही."

"बरं," शलाका म्हणाली होती.

भोरच्या अर्जात 'जबाबदार पालक' म्हणून तिचंच नाव होतं. फॉर्म नेहमी तीच भरायची. पालकाच्या संमतीचा रकाना मात्र तिने रिकामा ठेवला. मिहिकाने विचारलं की म्हणायची, "आकडा जरा स्थिर होऊ दे, मग देते."

आणि आकडा स्थिर आहे की नाही, हे न बघता कसं कळणार? दुसऱ्याच दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, चहा उकळत असताना, तिने कौल उघडला. एक्केचाळीस पूर्णांक तीन. एकाच रीडिंगवर विसंबायची तिला सवय नव्हती. तिने पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. दहा झाली तेव्हा चहा कडू झाला होता.

तेव्हापासून रोज दहा. कपाटातल्या जुन्या डायरीत तारीख, दहा आकडे, सरासरी. दिवाळीला सरासरी चौतीसवर आली. डिसेंबरअखेर सत्तावीस. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तेवीस. त्याच आठवड्यात मिहिकाच्या कॉलेजात प्राचार्यांनी शिफारशींची यादी काढायला घेतली. कॉलेजला दोनच मुलांची शिफारस करता यायची आणि पंचविसाखालच्या मुलाची ते करत नसत. त्यांनी मिहिकाला बोलावून आकडा सांगितला. त्या संध्याकाळी ती घरी आली, दप्तर ठेवलं आणि म्हणाली, "अमरावती ठीक आहे. जवळ आहे." मग जुन्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा काढून ती त्या एकामागून एक सोडवत बसली. कॅलेंडरची पानं कोरीच राहायला लागली.

आकडा का घसरला ते सांगणारं हे पत्रक दोन पानांचं होतं. पहिल्या पानावर नियम आणि कलमं. दुसऱ्या पानावर तक्ता. ऑगस्टचा कौल: ४१. सराव परीक्षांतील प्रगती: अधिक ६.

शलाकाने ती ओळ दोनदा वाचली. अधिक सहा.

खालची ओळ होती, 'खात्यावरून झालेली विचारणा: १,४८० वेळा. परिणाम: उणे २४.' आणि बारीक अक्षरांत, 'ज्या घरांतून कौल वारंवार विचारला जातो, तेथील विद्यार्थ्यांचे यश कमी असल्याचे मागील माहितीत आढळते. या संबंधाचे कारण सांगता येत नाही.'

तिने कागदावर गुणाकार केला. एकशे अठ्ठेचाळीस दिवस गुणिले दहा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

आकडा सरकतोय हे दिसल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारायचा, हे ती दर वर्षी नव्या निरीक्षकांना शिकवायची. वजन बदललं, की तराजू? की कोणाचा हात लागतोय? पाच महिने तिने हा प्रश्न विचारलाच नव्हता. मुलगी मागे पडतेय, एवढंच धरून चालली होती.

"काय झालं जी?" खंडारेकाकांनी विचारलं.

"काका, पारड्यावर माझाच हात होता."

त्यांनी समोरच्या तराजूकडे पाहिलं. दार बंद होतं. "नाही ना जी," ते म्हणाले. "मी पाहून राह्यलो ना."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून ती कॉलेजात गेली. प्राचार्य काळबांडे स्वतः गणिताचे होते. त्यांनी पत्रक वाचलं, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा वाचलं.

"चौदाशे ऐंशी वेळा? दिवसाला…"

"दहा."

"दहाच का?"

"आमच्याकडे दहा घेतात."

ते हसले नाहीत, हे तिला बरं वाटलं. "मॅडम, आमच्या घरी कोणी दिवसातून दोनदा वजनकाट्यावर चढलं तरी मी चिडतो. पण हा आकडा मला बदलता येत नाही. कौल चालवणाऱ्या कंपनीकडे तक्रार करा, उत्तर यायला महिना लागेल. अर्जाची मुदत उद्या पाचपर्यंत."

"सर, ती खरं तर सत्तेचाळीसवर आहे. तुम्हीच बेरीज करा."

"तुमची बेरीज बरोबर आहे. पण माझ्या यादीत तेवीस दिसतंय. पंचविसाखालची मुलगी पाठवली आणि ती राहिली, तर पुढच्या वर्षी माझ्या दोन शिफारशींतली एक जाते. ती कोणाच्या तरी लेकराचीच ना?" त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं. "एक वाट आहे. कोणी जात नाही त्या वाटेने. कौलाशिवाय अर्ज. मुलीचं खातं कायमचं बंद करायचं, आकडा कुठेच जात नाही. मग भोरची माणसं तिचे पेपर स्वतः हातात घेऊन वाचतात. त्याला पंचविसाची अट नाही, शिफारस माझ्या सहीने जाते आणि ती माझ्या दोन शिफारशींत धरत नाहीत."

"असे किती जणांना घेतात? टक्केवारी?"

प्रश्न तोंडातून निघून गेल्यावर तिला तो ऐकू आला.

"ठाऊक नाही. चार वर्षांत आपल्या जिल्ह्यातून एकानेही केलेला नाही. ज्याचा कौल चांगला तो खातं कशाला बंद करेल? आणि ज्याचा वाईट तो अर्जच कशाला करेल? माणसंच नाहीत, तर मोजणार काय?" ते उठले. "मुलीला घेऊन या. आणि तुमची संमती माझ्यासमोर तोंडी लागेल, ती मी लिहून घेतो. नाहीतर नंतर पालक म्हणतात, आम्हाला काही माहीतच नव्हतं."

संध्याकाळी तिघं स्वयंपाकघरात तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसले होते. कचोरीचा बेत हर्षलचा होता आणि सगळ्यात कमी दाणे त्याच्याच ताटलीत होते. शलाकाने चार शेंगा सोलल्या, पाचवी हातात धरून ठेवली.

"मिहू, मला काहीतरी सांगायचंय."

"रोज कौल बघतेस, ते?"

शलाकाने मान वर केली. मिहिका शेंगच सोलत होती.

"मला पहिल्यापासून माहीत आहे. सकाळी चहा देताना दिसायचं ना. आकडा वर असला की तू विचारायचीस, साखर घालू का अजून. खाली असला की न विचारता कप ठेवून जायचीस."

"मला दोन्ही दिवशी बिनसाखरेचा," हर्षल म्हणाला. कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने तोंडात एक दाणा टाकला.

शलाकाने फोनवर पत्रक उघडून तिच्यापुढे सरकवलं. मिहिकाने हात पुसले आणि हळूहळू वाचलं. वाचून झाल्यावर ती उठून गॅलरीत गेली. शलाका उठायला लागली तशी हर्षलने तिच्या मनगटावर हात ठेवला. "राहू दे जरा."

मिहिका परत आली तेव्हा तिचा आवाज सपाट होता. "सरांनी तेवीस सांगितले तेव्हा मला वाटलं, माझं डोकंच चालेनासं झालंय. तीन आठवडे मी फक्त जुने पेपर सोडवतेय, आई. इतकं कंटाळवाणं काम मी आयुष्यात केलेलं नाही."

"माझंच चुकलं. तू मागे पडलीच नव्हतीस. एक्केचाळीस अधिक सहा. तू सत्तेचाळीसवर आहेस."

"कशावरून?"

"यात लिहिलंय ना. ते चोवीस माझे आहेत, तुझे नाहीत."

"कशावरून माझे नाहीत?" ती समोर बसली. "तू आकडा बघायचीस, मी तुझा चेहरा बघायचे, मग कॉलेजात पोचेपर्यंत तेच डोक्यात. परीक्षेच्या दिवशीही तेच झालं तर? अशाच घरातली मुलं राहिली असतील ना याआधी? मग कौल चुकला कुठे? तुझा हात बाजूला काढून मला कसं मोजणार आहेस तू?"

तराजूवरून हात उचलला की आकडा जागेवर येतो. मुलीच्या पाच महिन्यांवरून हात कसा उचलायचा, हे शलाकाला कोणी शिकवलं नव्हतं.

"अजून एक आहे," ती म्हणाली. हे ती अजून स्वतःशीही बोलली नव्हती. "आकडा उतरला की मला वाईट वाटायचं. पण थोडं बरंही वाटायचं. अमरावती दोन तासांवर आहे."

हर्षलचे हात थांबले.

"म्हणून संमती दिली नाहीस?" मिहिकाने विचारलं.

"आकडा स्थिर होण्याची वाट बघतेय, असं मी मला सांगत होते."

"आणि तो समजा सत्तरावर स्थिर झाला असता तर?"

"तर ऐंशीची वाट बघितली असती बहुतेक."

मिहिकाच्या चेहऱ्यावर हसू आल्यासारखं झालं आणि गेलं. शलाकाने मग काळबांडे सरांनी सांगितलेली वाट सांगितली. खातं बंद, आकडा नाही, पेपर माणसं वाचणार. किती जणांना घेतात ते कोणालाच माहीत नाही. आणि हुकलं तर राज्याची पहिली फेरीही गेलेली असेल. ताटलीतले दाणे एकाच बाजूला सरकवत मिहिका ऐकत होती.

"हे मला हवंय," ती म्हणाली. "मला तेवीस नकोत आणि सत्तेचाळीसही नकोत."

"पण मग आपल्याला कळणार कसं…"

"नाहीच कळणार, आई."

"एक वर्ष वाया जाऊ शकतं."

"जाऊ शकतं. गेलं तर बाबांच्या दुकानात बसेन."

"माझ्या दुकानात बसायला मुलाखत द्यावी लागते," हर्षल म्हणाला. मग शलाकाकडे न बघता, ताटलीकडेच बघत तो पुढे बोलला, "दे किंवा नको देऊ. पण यावेळी काय ते तोंडाने बोल. ऑगस्टपासून ही पोर 'बघू' वर जगतेय."

"मला भोरला जायचंय, हे मी जूनमध्येच सांगितलंय," मिहिका म्हणाली. "तुला काय वाटतं ते तू अजून सांगितलेलंच नाहीस. आकडा काय म्हणतो ते माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी शलाकाचा हात फोनकडे गेला. तिने तो उचलून धान्याच्या डब्यांमागे ठेवला आणि चहा पूर्ण होईपर्यंत पातेल्याकडे बघत उभी राहिली. तेवीस असताना इतकी भीती वाटली नव्हती. तेवीसला निदान कडा होत्या.

चार वाजता त्या दोघी प्राचार्यांच्या खोलीत होत्या. मिहिकाने सरांच्या संगणकावर खातं उघडलं. ते बंद करताना यंत्राने तीनदा विचारलं, खात्री आहे का. पहिल्या वेळी त्याने बजावलं, की ही माहिती परत मिळणार नाही. दुसऱ्या वेळी पडद्याच्या मधोमध ठळक अक्षरांत शेवटचा कौल पाहण्याची सोय दिली. शलाका जरा पुढे झुकली. आत्ताही, एकदाच पाहिला तर कोणाचं काय बिघडणार होतं? मिहिकाने 'नको' दाबलं, आणि तिसऱ्या वेळी विचार न करता 'हो' दाबलं. पडदा रिकामा झाला.

काळबांडे सरांनी छापील कागद पुढे ओढला. "मिहिका हर्षल तायडे. कौलाशिवाय अर्ज. राज्याची पहिली फेरी सुटेल, हे समजलं आहे?"

"हो, सर."

"तुझी इच्छा?"

"आहे."

त्यांनी ते लिहिलं. मग पेन पुढच्या रकान्यावर नेलं. "आता पालक. मॅडम, 'तिची इच्छा असेल तर' किंवा 'तुम्हाला योग्य वाटेल ते' असं सांगू नका. तसं मला लिहिता येत नाही."

शलाकाने तोंड उघडलं. मे महिन्यात निकाल लागेल, त्यात नाव नसेल, जूनमध्ये बाकीची मुलं बॅगा भरत असतील आणि ही दुकानात काचा पुसत असेल. किंवा नाव असेल, आणि जुलैत घरातली एक खोली रिकामी असेल. दोन्ही चित्रं सारखीच स्पष्ट होती. कोणतं किती जवळ आहे, हे सांगणारं आता जगात काहीच नव्हतं. ती शेजारी बसलेल्या मुलीबद्दल विचार करायला लागली. चौथीत असताना शिक्षकांनी चूक म्हटलेलं उत्तर घेऊन ती तीन दिवस त्यांच्या मागे फिरली होती, आणि चौथ्या दिवशी शिक्षकांनीच फळ्यावर ते दुरुस्त केलं होतं. ती गोष्ट कुठल्याच तक्त्यात नव्हती. तिची रीडिंग कोणी घेतली नव्हती.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. ते थांबले होते.

"मिहिकाने भोरला जावं, असं मला वाटतं," शलाका म्हणाली. "माझी संमती आहे."